तीन फेब्रुवारीचा दाखला

अहेरी, २० एप्रिल १९८६

जहीर,

ऊर्जानगरची तुझी नोकरी नशिबानं नाई गेली, मी घालवली. एक फेब्रुवारीले तुले तिथी हजर व्हायचं होतं आन् आपल्या लाकडं कापाच्या आरामशीनवरून सुटल्याचा दाखला पाहिजे होता. शेटजीनं अठ्ठावीस जानेवारीलेच सही केली होती. तारीख टाकाचं काम माझं, कारकुनाचं. मी कागद खणात ठेवला आन् तुले म्हणलं, "शेटजी नागपूरले गेले."

बायको वारल्यापासून दुपारचा डबा मी तुझ्यासंगच खात होतो. तू गेल्यावर कोणासंग खाईन, एवढंच डोक्यात होतं. मग तीन फेब्रुवारी टाकून दाखला तुले देल्ला.

तिथी त्याईनं दुसऱ्याले घेतलं होतं. तू परत आरामशीनवर कामाले आला, माझ्यासमोर डबा उघडला आन् म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, तुमी त लय खटपट केली माझ्यासाठी."

मी माझा डबा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून कामाचं निमित्त करून मी एकटाच जेवाले लागलो. "काऊन भाऊ, माझं काई चुकलं का?" तू विचारलं बी. मी हिशोबाची वही उघडली.

महिन्याभरात तू वरोऱ्याले मामाकडे निघून गेला, यावेळी दाखला न मागताच. आज मी तो आपल्या मनानंच केला, तू खरंच गेला त्या तारखेचा. उद्या डाकेत टाकतो. हे पत्र त्याच्यासंग टाकाची हिंमत मात्र होत नाई.

तुझा,
श्रावणभाऊ