खात्री बाकी

३ फेब्रुवारी

कात्रींना आज घरी बसवलं. कात्री म्हणजे आमचे उपसंपादक. माझ्या मजकुरातले लांबलचक समास पंचवीस वर्षं कापत आले, म्हणून हे नाव. शहराचं पानही गेलं. आता मी लिहायचं, मुख्य कचेरीत पाठवायचं, तिथून ते ॲपवर जायचं. साहेब फोनवर म्हणाले, "तुम्ही फक्त पाठवत राहा. पुढचं सिस्टिम बघेल." या सिस्टिमबाईंचं शिक्षण किती, विचारायचं राहून गेलं.

टेबल आवरताना कात्री एवढंच म्हणाले, "तुझे समास आता मोकाट सुटणार रे."

४ फेब्रुवारी

रुग्णालयाच्या फाटकाशी वॉर्डबॉयने गाठलं. चार वर्षांची मुलगी आणलीय, अत्यवस्थ, म्हणे चौकातल्या दुकानातलं खोकल्याचं औषध घेऊन. चौकात औषधांचं दुकान एकच — आमच्या इमारतीखालचं. औषधवाला माझा वीस वर्षांचा मित्र. पण मैत्री मैत्रीच्या जागी. पाच ओळी लिहून पाठवल्या, आणि नेहमीप्रमाणे डोक्यावर पहिली ओळ — 'खात्री बाकी'.

ही ओळ दिसली की कात्री मजकूर खणात टाकायचे, आणि मी फोन करून 'सोडा' म्हणेपर्यंत खणाला हात लावायचे नाहीत. किती बातम्या त्या खणातच निवर्तल्या! त्यांना सद्गतीच मिळाली म्हणायची.

डॉक्टर उद्या सकाळी भेटतो म्हणालेत.

५ फेब्रुवारी

मुलगी खाटेवर बसून बिस्किट खात होती. गोड गोळ्या समजून तिने आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या गिळल्या होत्या. खोकल्याच्या बाटलीचं सीलही फुटलेलं नाही. आईने बाटलीच हातात दिली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. प्रत्यक्ष प्रमाण. रुग्णालयातूनच साहेबांना फोन केला, "कालची ती बातमी रद्द करा." "कुठली? बरं, बरं," म्हणाले.

हलक्या पावलांनी घरी आलो, तर बायको फोन पुढे करून दारातच उभी. "अहो, हे बघा ना. भावजींच्या दुकानाबद्दल काय आलंय!"

'चौकातल्या दुकानाच्या औषधाने चिमुरडीचा बळी.' पाठवणारी तिची मावशी. न्यायशास्त्रात आप्तवाक्य प्रमाण मानतात. आप्त म्हणजे विश्वासाचा, यथार्थ बोलणारा माणूस. हल्ली मावशी.

फाटकाशी जे माझ्या कानावर आलं, ते आणखी कुणाच्या तरी आलं असणार. त्याला धीर धरवला नाही. मी निदान थांबलो. तसं बायकोला बोलूनही दाखवलं.

६ फेब्रुवारी

सकाळी दुकानाची काच फुटलेली. औषधवाला खाली बसून एकेक तुकडा पुठ्ठ्यावर गोळा करत होता. मला बघून म्हणाला, "ये, ये. गिऱ्हाईक म्हणून आलास तर आज तू पहिला."

मी सगळं सांगितलं. तो एकदम उठून उभाच राहिला. "मुलगी बरी आहे? मग छाप ना तेवढं. माझं दुसरं काही म्हणणं नाही. तेवढं छाप."

छापतो म्हणालो. कुठे, ते त्याने विचारलं नाही.

तासाभरात मजकूर पाठवला. आईचे शब्द, डॉक्टरांचे शब्द, बाटलीचा फोटो. दुपारी साहेब म्हणाले, "मुलगी बरी आहे, यात बातमी काय? हे कोण वाचणार?"

७ फेब्रुवारी

अजून काही नाही. दोनदा फोन केला.

८ फेब्रुवारी

शेवटी हाताने लिहून दुकानाच्या दारावर कागद लावला. खाली माझं नाव, सही. संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी लिहून गेलं — 'किती मिळाले?' अक्षर वळणदार होतं.

बायकोने तिच्या माहेरच्या ग्रुपवर खरी हकिगत टाकली. मावशींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दोन तासांनी तोच जुना मजकूर पुन्हा.

९ फेब्रुवारी

मुलीची आई खरंच भली. मुलीला घेऊन स्वतःहून आली आणि तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. समोर दहाबारा माणसं. "बघा, ही माझी मुलगी. धडधाकट आहे." मुलगी लाजून आईच्या मागे लपायला लागली.

गर्दीतला एक जण अगदी शांतपणे म्हणाला, "ही ती नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पांगले. आई माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं मी लोकांना शब्द पुरवत आलो. त्या बाईला रिक्षा तेवढी बोलावून दिली.

१० फेब्रुवारी

कात्रींचा फोन. घरी बसून वेळ जात नाही म्हणून आमचं ॲप वाचतात. मी ते कधी उघडत नाही. त्यात बातमीपेक्षा केसांच्या तेलाच्या जाहिराती जास्त.

"चार तारखेचा तुझा मजकूर बघितलास का?"

"तो खणात आहे."

"खण कुठला आता? अरे, यंत्राला शिकवून ठेवलंय, पहिली ओळ म्हणजे कचेरीसाठी सूचना. ती गाळायची आणि बाकीचं चढवायचं. संध्याकाळी सहाला चढलाय."

उघडून बघितलं. माझ्याच पाच ओळी. 'अत्यवस्थ'सुद्धा माझंच. लोकांनी वाटेत फक्त मुलीला मारून टाकलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. खाली आकडा — एकतीस हजार जणांनी वाचलं. माझं इतकं कधी कुणी वाचलं नव्हतं.

साहेबांना सांगितल्यावर त्यांनी मजकूर काढून टाकला. म्हणाले, "झालं ना आता?"

बायकोला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

औषधवाला बाटल्या खोक्यात भरत होता. दुकान सोडतोय. मी खोकी धरायला गेलो. म्हणाला, "हे पहिल्यांदा कुणी लिहिलं, तेवढं मात्र शोध. तुझं कामच ते. काही कळलं का?"

मी म्हटलं, "खात्री बाकी आहे."

"असू दे," तो म्हणाला, "या गावात तूच एक आहेस, खात्रीशिवाय न बोलणारा."