सयाजीचा बैल नेला आहे

सयाजी,

चंद्रसूर्य असेतो तुझा-माझा संबंध तुटला. तुझा बैल घेऊन गेलो आहे.

आबा गेल्यावर पंचांनी वाटणी केली, तेव्हा चांद्या तुला दिला आणि ढवळ्या मला. एका बैलावर गाडी चालत नाही हे पंचांना सुचलं नाही, आणि भांडणाच्या भरात आपल्यालाही नाही. मला तर आज महाडच्या कोर्टात पोचायचं आहे, तुझ्यावर दावा लावायला.

काल नदीकाठच्या खाचरात तू कोयता उगारलास. "आबांचं म्हातारपणी मी केलं, खाचर माझंच हाय. हितं पाय टाकलास तर पाय ऱ्हाणार नाय!" हे माझ्या शकूसमोर म्हणालास. पोर काल जेवली नाही. ते खाचर गेलं तर माझ्या घरात वर्षाचं भात येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आता तुझ्याशी बोलायचं ते जज्जासमोर.

अडचण एवढीच, की सावित्री नदी ओलांडताना चांद्या पाण्यात बसतो आणि तू हाक मारल्याशिवाय उठत नाही. माझ्या शिव्या तो मनावर घेत नाही. तेव्हा हे वाचलंस की नदीच्या उतारापर्यंत ये, त्याला उठव आणि परत जा. दावा मी एकटाच लावीन, तुला तोशीस नको.

येताना तुझ्या कारभारणीकडून, तुळजाकडून, आंब्याचं लोणचं आण. भाकर मी बांधून घेतली आहे, पण चुली वेगळ्या झाल्यापासून बरणी तुमच्याकडे आहे.

तुझा थोरला भाऊ,
हैबती