त्रिकोणी टाकीवरचा दिवा

४ नोव्हेंबर
हिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला, परत येणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. डावाही त्याच वाटेवर, पण हळू. इंजेक्शनं चालू ठेवायची.  रिक्षात घर जवळ आल्यावर ही म्हणाली, "टाकीच्या दिव्याचं बघा हो. समुद्रफूल बघून घेते, दिसतंय तोवर."

५ नोव्हें.
जुनी ट्यूब गणपतीतच गेली. तेव्हापासून टेबललॅम्पवर भागतंय. ही काचेची टाकी हिनेच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना बनवून घेतलेली. आत एकच समुद्रफूल: दिसायला फूल, पण खडकाला धरून हात हलवणारा प्राणी. हॉलच्या कोपऱ्यात बसेल अशी त्रिकोणी, छातीइतकी उंच. गावात मिळतात त्या सगळ्या सरळ पट्ट्या. मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. त्याने टाकीची लांबी विचारली. म्हटलं, कुठल्या बाजूची? तो हसला नाही.

दोन पर्याय. दोन बाजूंना निळ्या पट्ट्या: समुद्रफुलाला मानवतील, पण उजेड मंद. किंवा छताला टांगायचा एकच पांढरा झोत: तळापर्यंत पोचेल, पण सुरुवात अगदी कमीवर करून आठवड्या-आठवड्याने वाढवायचा.

निळ्यात हिला काही दिसणार नाही. झोत मागवला.

११ नोव्हें.
दिवा लागला. बंदरावरचा सलीम, हिचा जुना विद्यार्थी, नेहमीप्रमाणे समुद्राच्या पाण्याचे कॅन घेऊन आला होता. वर बघून म्हणाला, "सर, तुम्ही पण एलईडीवाले झालात? बोटीवर एलईडी लावून मासे धरायला बंदी आहे, म्हणून घरात?" ही बऱ्याच दिवसांनी हसली.

दिवा कमीवर ठेवला. ही खुर्ची ओढून, मान तिरकी करून बसली. डोळ्याच्या कडेनंच दिसतं आता. "नाही हो. नुसता धूर." थोडा वाढवला. नाही. पूर्ण केला. "हां. काहीतरी हलतंय."

तसाच ठेवला.

१५ नोव्हें.
समुद्रफूल जागा सोडून मागच्या चिंचोळ्या कोपऱ्याकडे सरकलंय. उजेड नको असेल. हिला सांगितलं नाही. दिवा थोडा तिकडे वळवला.

हे वाचून मलाच बरं वाटत नाही. पण वळवला.

२० नोव्हें.
सकाळी चहा घेताना ही एकदम म्हणाली, "अहो, दिसलं. पांढरं, फुललेलं." कप खाली ठेवला, पुन्हा मान तिरकी केली, आणि खूप वेळ बघत राहिली.

मी टाकीजवळ गेलो. ते तपकिरी असायचं, टोकांना जांभळी झाक. आता कागदासारखं. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, उजेड भाजलाय त्याला. रंग त्याच्या अंगातल्या शेवाळाचा, तो गेला म्हणजे त्याचं अन्न गेलं. दिवा लगेच कमीवर उतरवा.

हो म्हटलं. परत आलो तर ही अजून बघत होती.

नाही उतरवला.

२४ नोव्हें.
रोज नाश्त्यानंतर तिथेच बसते. नाटे गावच्या खडकांत, समुद्र सुकतीला, ओहोटीला असताना, ते कसं सापडलं, कॉलेजच्या मुलांना हात लावू दिला नाही, कशी ओरडली, सगळं सांगत होती. मी ऐकलं. समुद्रफुलाचे हात लुळे पडलेत. सलीम पाणी बदलताना माझ्याकडे बघत होता. 

२७ नोव्हें.
आज सांगायचं ठरवलं. सुरुवात केली, तर तिनेच थांबवलं. "पांढरं दिसलं त्याच दिवशी कळलं मला. आपलं पांढरं कुठे होतं?"

मग बोलली का नाहीस?

"बघायचं होतं हो अजून थोडे दिवस." पदराने चष्मा पुसला. त्याचा आता काही उपयोग नाही, पण पुसते. "एवढी वर्षं मुलांना शिकवलं, जिवाला हात लावू नका. बास झालं आता. उतरवा."

दिवा अगदी कमीवर आणला. ही आपल्या खुर्चीत बसून राहिली. दिसतंय का, मी विचारलं नाही.

२८ नोव्हें.
समुद्रफूल अजून लुळं, पण खडकाला धरून आहे. सलीम कोळंबीचे बारीक तुकडे देऊन गेला, चिमट्याने भरवायला. एक तुकडा गिळला, एक सोडून दिला.

दुकानदार म्हणतो, जगलं तर रंग यायला उन्हाळा उजाडेल. सोमवारी हिचं पुढचं इंजेक्शन. उन्हाळ्यापर्यंत डावा डोळा किती राहील, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत.

ही म्हणाली, रंग आला की सांगा. आणि नाही आला, तरी सांगा.