चौदा नारळांचे सात

सेमिसी,

तू ठणठणीत असशील, हात तर चांगलाच चालतोय असं ऐकते. फोनवर तुझी आई शेजारी बसलेली असते, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. इथे परदेशात ब्लूबेरीची तोडणी जोरात आहे, कंबर धरते, तेवढंच.

आपल्या लुपेनं सांगितलं. गृहपाठाच्या चित्रात चौदा नारळ होते, तिनं सात लिहिले, आणि तू तिला झाडूच्या काडीनं मारलंस. वर म्हणालास, "आईवर गेलीये, मठ्ठ!"

मठ्ठ कोण रे? आपल्या टोंगा बेटांवर नारळ आणि कोनफळं जोडीनंच मोजतात. तुझ्या आईनंच तिला ते शिकवलं. तूही मळ्यात "एक, दोन" म्हणत दोन-दोन नारळ ढिगावर टाकतोस. मग आठ वर्षांच्या पोरीनं काय वेगळं केलं? शाळेच्या पुस्तकात एकेक मोजायचं, एवढं सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?

पहिल्या आठवड्यात मीही इथे बादल्या जोडीनंच मोजल्या होत्या. मुकादम हसला, पण नीट समजावून सांगितलं त्यानं. तो परका माणूस. तू बाप!

मागचं कुंपण बांधलंस का? की डुकरं कोनफळं उकरताहेत, आणि तू पोरीला अक्कल शिकवतोयस?

पुन्हा तिला गणिताला बसवशील, तेव्हा काडी घराबाहेर ठेव.

काल तिनं विचारलं, "आई, यायला किती दिवस राहिले?"

"चाळीस."

ती हळूच म्हणाली, "मी जोडीनं मोजते. म्हणजे वीसच."

हे गणित तपासायला जाऊ नकोस.

लुपेची आई,
लेसिएली