‘करून दाखवले’ समोरची खूण

सिस्टर, तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली आणि वॉर्डात आता तुमच्याच खुर्चीवर मी बसते. तरी कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की आधी तुम्हीच वळून बघाल असं वाटतं. आज सकाळी एक नवी नर्स मुलगी घरी सोडायच्या पेशंटची फाइल घेऊन आली. ‘नातेवाइकांना शिकवले’, ‘नातेवाइकांनी करून दाखवले’, दोन्हींपुढे बरोबरच्या खुणा. मी विचारलं, "खरंच करून दाखवलं त्यांनी?" ती म्हणाली, "हो मॅडम." मी तिच्यावर विश्वास न ठेवता तडक पलंगापाशी गेले आणि पेशंटच्या मुलीलाच नळीने भरवायचं सगळं पुन्हा करायला लावलं. तिला नीट येत होतं. नवी मुलगी खरं बोलत होती. ती माझ्याकडे जरा दुखावून बघत राहिली, आणि मला काही तिला सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

शिकायला होते तेव्हा तुम्ही आम्हा एकेकीला रिकाम्या पलंगावर उताणं झोपवलं होतं. उशी काढून घेतलीत आणि चमच्याने पाणी पाजलंत. माझ्या नाकात पाणी गेलं, ठसक्याने डोळे भरले, मी धडपडत उठून बसले. बाकीच्या हसल्या, तुम्ही हसला नाहीत. "तू उठून बसलीस," तुम्ही म्हणालात, "ज्याचं अर्धं अंग गेलंय तो उठणार नाही. त्याला खोकताही येणार नाही. म्हणून डोकं उंच केल्याशिवाय एक थेंब द्यायचा नाही, तोंडानेही नाही आणि नळीनेही नाही." आणि दुसरी गोष्ट तुम्ही जवळजवळ रोज सांगायचात, की ‘समजलं का’ असं पेशंटला विचारायचं नाही. माणूस लाजेने हो म्हणतो, घरी जायच्या घाईत हो म्हणतो. त्याला करायला लावायचं आणि आपण हात मागे घेऊन बघत उभं राहायचं.

करावे गावातले ते काका तुम्हाला आठवत असतील. खाडीवर जन्मभर मासेमारी केलेला माणूस, झटक्याने उजवी बाजू गेलेली, गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. त्यांची बायको दिवसभर त्यांचा हात हातात धरून बसायची. ज्या दुपारी त्यांना घरी सोडायचं होतं त्या दुपारी आणखी तीन पेशंट जायचे होते आणि खालून कॅज्युअल्टीचे फोन येत होते, पलंग द्या, पलंग द्या. मी त्यांच्या बायकोला, मावशींना, उभ्या उभ्याच सांगितलं. आधी डोकं उंच करायचं, नळी जागेवर आहे ना बघायचं, पातळ अन्न हळूहळू सोडायचं, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. छापलेला कागद दिला. मग विचारलं, "समजलं ना मावशी?" त्या म्हणाल्या, "हां गो बाय, समाजला." त्यांनी कागदाची बारीक घडी करून कमरेला खोचली. त्यांना वाचता येत नव्हतं हे मला नंतर कळलं. मी फाइलवर दोन्ही खुणा केल्या, सही केली आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

नवव्या दिवशी ते परत आले. ओठ निळसर, श्वासाबरोबर छातीतून घरघर. नळीतून दिलेलं फुप्फुसात उतरलं होतं. डॉक्टरांनी मावशींना विचारलं, कसं देत होता? त्या म्हणाल्या, "झोपलेले आसायचे. झोपलेल्या मानसाला उठवाचा कशाला, म्हनून तसाच देत होते." त्यांनी मायेनेच तसं केलं होतं. चार दिवसांनी काका गेले.

त्याच दिवशी तुम्ही मला लिननच्या खोलीत बोलावलंत. फाइल तुमच्या हातात होती. "तू त्यांच्याकडून करून घेतलं होतंस?" मी म्हणाले, "हो सिस्टर." तुम्ही फाइल मिटलीत. तेवढंच. पण बाहेर काकांच्या मुलाला डॉक्टरांनी तीच फाइल दाखवली होती, आणि तो सगळ्या वॉर्डासमोर आईवर ओरडत होता, "तुझ्याकडनं करून घेतलेला सिस्टरनी, हितं लिवलंय! तरी आडवं ठेवून दिलंस तू?" मी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होते. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या आता मला खोटं ठरवणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्यांनी ठरवावं असंही वाटलं. पण त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "करून घेतला आसल बाय त्यांनी. माझ्याच ध्यानात नाय रायला." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. हात धुताना, नळी मोजताना, घरी आईला भरवताना.

तुम्ही आजारी होतात तेव्हा नेरूळला तुमच्या घरी आले होते. तुमची मुलगी तुम्हाला पेज भरवत होती आणि एवढ्या दुखण्यातही तुम्ही तिला, पाठीमागे आणखी एक उशी दे, असं सांगत होतात. ती आत गेल्यावर तुम्हीच विषय काढलात. "त्या करावेच्या बाईंना मी विचारायला हवं होतं गं. तुला विचारलं, त्यांना नाही. माझंच चुकलं." मी तुमचा हात धरला आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नका त्रास करून घेऊ." माझं ओझं तुम्ही अंगावर घेऊन बसला होतात आणि मी ते घेऊ दिलं. महिन्याभरात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात मी करावेला गेले. जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, तळमजल्याच्या पायरीवर मावशी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, की मी त्यांच्याकडून काहीही करून घेतलं नव्हतं, फाइलमध्ये खोटं लिहिलं होतं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मना कनाला सांगतेस आता? माझ्या पोराला सांग. तो तवापासून माझ्या हातचा पानी पन घेत नाय. बस हितं, येलच आता कामावरशी."

मी बसले. त्यांनी आतून माझ्यासाठी पाणी आणलं, मी प्यायले. गल्लीच्या टोकाला स्कूटरचा आवाज झाला, तशी मी उठले आणि म्हणाले, "मावशी, माझी ड्यूटी आहे, पुन्हा येईन." त्यांनी मान डोलावली, त्या दुपारी ‘समाजला’ म्हणाल्या होत्या तशीच, लगेच.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. सिस्टर, त्या दिवशी माझी सुट्टी होती.