उलथन्याचा मूळ आधार

१ जानेवारी १९९५
संकल्प : यंदा पाखरांच्या मराठी नावांची मुळं शोधणार. प्रत्येक नाव पहिल्यांदा कोण बोललं, पुराव्यानिशी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान शून्यातून उभं केलेल्या माणसाला हे काय अवघड?
बायको, मनकर्णा, म्हणाली, आधी न्हाणीतलं पाणी कुठून मुरतंय ते शोधा. संशोधकाच्या घरात असं चालायचंच.

८ जानेवारी
पाखरू मंडळाची बैठक. पैठणला धरणावर फलक लावायचाय. पाखराचं चित्र, खाली नाव. अध्यक्ष मुकुंदराव, संस्कृतचे रिटायर्ड प्रोफेसर. चमच्यासारख्या चोचीच्या त्या पांढऱ्या पाखराला म्हणे 'दर्विमुख' लिहा. आणि कोपऱ्यात 'संकलक : मुकुंदराव'. वा!
मी उठलोच. म्हणालो, सर, लोक बोलतात ते नाव लिहा, आणि त्याखाली मूळ आधाराचंच नाव लिहा. दुसऱ्या कुणाचं एक अक्षर नको. ठराव एकमतानं पास. मुकुंदराव हसले. हरलेला माणूस असाच हसतो.
आता मूळ शोधणार मी, म्हणजे नाव कुणाचं? सरळ हिशेब.

१५ जानेवारी, सकाळी ९
पैठण. कडूबा भेटला, मासे धरतो. म्हणाला, त्याला आम्ही उलथन्या म्हणतो. उलथन्या! चोच बघा, हुबेहूब पिठलं उलथायचं उलथनं. नाव किती जुनं, विचारलं. म्हणाला, लई जुनं असंल साहेब, घ्या लिहून. पैठणमधलं लई जुनं म्हणजे किती? वहीत लिहिलं : सातवाहनकालीन.
परतीच्या एस.टी.त मागच्या सीटवर दोन बाया कुजबुजत होत्या : पाखराची नावं इचारत हिंडतंय, घरी कोन नाय काय याला? आपले कान तिखट. ग्रामीण भागात संशोधनाबद्दल कुतूहल वाढतंय, ही समाधानाची बाब.

२२ जानेवारी
थंडी. गेलो नाही. पण घरी बसून उपजात शोधली! पैठणला पाहिलेल्या थव्यात काही पाखरांच्या पंखांची टोकं काळी होती. नाव ठेवलं 'धाकटा उलथन्या'. लगेच मुकुंदरावांना फोन. म्हणाले, बद्रीनाथराव, ती पिल्लं आहेत, मोठी झाली की काळं जातं.
जळतात लोक.

२९ जानेवारी
कडूबानं नाव ऐकलं पुंजारामकडून. पुंजाराम म्हणाला, म्या द्वारकाबाईकडून ऐकलं. द्वारकाबाई लेकीकडं गेलेली. दिवसभरात सात चहा झाले, नाही म्हणायची सोय नाही. आता अ‍ॅसिडिटी.
निबंध मात्र मंडळाकडं धाडून दिला : 'उलथन्या : एक सातवाहनकालीन नाम'. पुरावा मागून येईलच.

५ फेब्रुवारी
द्वारकाबाई सापडली. सत्तरीची. विचारलं, मावशी, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाली, कोन सांगंल बाबा? मीच म्हणलं. आमी काय मासे धरनारे व्हतो व्हय? इथं ज्वारी व्हती. धरण भरलं, वावर पाण्यात गेलं. दुसऱ्या साली पाणी जरा मागं हटलं, तर ही पांढरी पाखरं माझ्याच वावरात चोच घालून चिखल उलथायलेत. मी म्हणलं, उलथा रं उलथन्यांनो, माझं काय राह्यलं असंल तर मला बी सांगा.
वही मिटली.
म्हणजे फार तर वीस वर्षं. सातवाहन हुकले, थोडक्यात.
तोडगा : बाईचा उल्लेख टाळायचा. 'पूर्वापार लोकपरंपरा, शोधक बद्रीनाथ.' लोकपरंपरा काही सही मागायला येत नाही.

१२ फेब्रुवारी
बैठक. निबंध वाचला, शीर्षक आधीच धाडलेलं, तेच. बरा चालला होता. मुकुंदरावांनी एकच प्रश्न विचारला : बद्रीनाथराव, हे पाखरू इथं आलं धरणाच्या पाण्यावर. मग सातवाहनांच्या काळी धरण कोणत्या साली भरलं?
खुर्च्या हलेपर्यंत हसले लोक. मग द्वारकाबाईचं नाव सांगावंच लागलं. मुकुंदराव एकदम गंभीर झाले. म्हणाले, अहो, बोलणारी जिवंत, साल माहीत, जागा माहीत. इतका अस्सल आधार माझ्या एकाही नावाला नाही. आणि माझाच ठराव मला वाचून दाखवला. 'दुसऱ्या कुणाचं एक अक्षर नको.' माझं मराठी इतकं नेमकं आहे हे मला माहीत नव्हतं.

२६ फेब्रुवारी, दुपारी ४
फलक लागला. द्वारकाबाईला मीच घेऊन गेलो. कुणीतरी न्यायलाच हवं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं : उलथन्या. मूळ आधार : द्वारकाबाई. दोनदा वाचायला लावलं. मग पदर नीट करून तिनं विचारलं, तुमचं नाव कुठंय, साहेब?
म्हणालो, जागा पुरली नाही.
तिनं पाण्याकडं पाहिलं. म्हणाली, जाऊ द्या. आमचं अख्खं वावर गेलं, तुमचं तर नुसतं नावच गेलं.