बाबांचा स्टिल

३ मार्च
बाबांचा लग्नाआधीचा एकही फोटो घरात नाही. पण तरुणपणी एका सिनेमात, कोर्टाच्या सीनमध्ये ते गर्दीत बसले होते. त्या सिनेमाची आता हाय-डेफिनिशन डिस्क निघाली आहे. एकवीसला आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. डिस्क कॉम्प्युटरवर लावायची, बाबा दिसले की चित्र थांबवून त्याचा स्टिल काढायचा, मोठा करून फ्रेम. एका संध्याकाळचं काम. नातेवाइकांना कळवून टाकलं.

४ मार्च
माझा ड्राइव्ह ही डिस्क वाचत नाही. साध्या डीव्हीडीचा आहे. ठाऊक होतं, फक्त लक्षात नव्हतं. नवा मागवला.

६ मार्च
बायकोने आईला टीव्हीवर इंटरनेटवरून तोच सिनेमा लावून दिला आणि बाबा आले तेव्हा मोबाइलने फोटो काढून मला पाठवला. काचेवर ट्यूबलाइट, मध्येच आईचं बोट. बघवेना. डिलीट केला. क्वालिटी म्हणजे काय, हे बायकोला समजावलं. ती बरं म्हणाली.

९ मार्च
ड्राइव्ह आला. सिनेमा सुरू. प्रिंट स्क्रीन दाबलं, तर काळा चौकोन. चाळीस वेळा दाबलं. चाळीस चौकोन, सगळे हाय-डेफिनिशन.

१० मार्च
ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, कॉपी होऊ नये म्हणून चित्र काळं येतं, प्लेअरमध्येच फोटोचं बटण असेल तर बघा. म्हटलं, तेच बघणार होतो.

१२ मार्च, संध्या. ६
बटण होतं. समोरच.

१४ मार्च
दोनशे चौदा स्टिल काढले. बाबा बघताक्षणी ओळखले. दुसरा बाक, पांढरा कोट, काय रुबाब! नाक थेट माझं. आईला एकदा दाखवावा असं वाटलं, पण मग सरप्राइज काय राहिलं? शिवाय स्वतःच्या बापाला ओळखायला दुसऱ्याची मदत कशाला.

१८ मार्च
फोटोवाला म्हणाला, वडील हीरो शोभतात. घरापर्यंत ताठ मानेने चालत आलो.

२२ मार्च
काल कार्यक्रम झाला. फ्रेमवरचं कापड मीच काढलं. टाळ्या. आत्या सारखी चष्मा काढून पुसत होती. म्हातारपण. आई म्हणाली, छान आलाय. मी पिक्सेलवर दहा मिनिटं बोललो. सगळे गेल्यावर आईने हळूच विचारलं, हे कोण रे?

२३ मार्च
ऑफिसला गेलो नाही. आत्याला फोन केला. तिनेही ओळखलं होतं की हे बाबा नव्हेत. चारचौघांत माझा पाणउतारा नको म्हणून गप्प बसली.
तिने सांगितलं तिथे सिनेमा पुन्हा लावून पाहिला. बाबा शेवटच्या बाकावर, टोकाला आहेत. हाताची घडी घालून, जरा पोक काढून. जेवण झाल्यावर घरी अगदी तसेच बसायचे. इतकी वर्षं समोर बसून जेवलो मी. आणि शोधत होतो रुबाबदार माणूस. फार लाज वाटते.

२५ मार्च
फ्रेम कपाटामागे ठेवली. दोनशे चौदा स्टिल पुन्हा तपासले. सगळ्यांत कोटवाला मध्यभागी, बाबा एकातही नाहीत.
आईच्या चष्म्याच्या डबीत बायकोने काढलेला तो फोटो आहे. सहा तारखेलाच छापून दिला होता म्हणे. मीही बायकोकडे एक प्रत मागितली. तिने विचारलं, आईंचं बोट कापून देऊ का?
म्हटलं, राहू दे. बोट नसलं तर मला बाबा पुन्हा सापडणार नाहीत.